द्वारकाआत्याचं कातणं

"ज्या राष्ट्राला आपला भूतकाळ जपता येत नाही, त्याला भविष्यकाळ मागण्याचा अधिकार नाही," असं मी आमच्या शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून, एक हात दगडी खांबांकडे करून म्हणालो.

"बरं," द्वारकाआत्या म्हणाली. "चपला इथंच काढायच्या का?"

"आत्याआजी, देऊळ नाहीये ते," माझी नऊ वर्षांची मुलगी केतकी म्हणाली.

आत्याने तोवर एक चप्पल काढली होती. ती तिने पुन्हा घातली, पण तिला फारसं पटलं नसावं, कारण आत शिरताना तिने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला.

माझं वाक्य तसं वाईट नव्हतं. अडचण एवढीच होती, की ते म्हणणाऱ्या माणसाने भूतकाळाचा एक तुकडा स्वतः हरवला होता. पितळेचा, वीतभर लांबीचा. आणि तो ज्या बाईचा, ती तो काचेच्या पेटीत बघायला पहाटेच्या एसटीने मेढ्याहून आली होती.

त्याचं असं झालं होतं. मी तेव्हा एका दैनिकात दर गुरुवारी विनोदी सदर लिहीत असे. या भेटीच्या चार वर्षं आधी संग्रहालयाने लोकजीवनाचं नवं दालन उघडायचं ठरवलं आणि आवाहन केलं, की घरातल्या जुन्या वस्तू द्या, देणाऱ्याचं नाव वस्तूखाली लावू. आत्याने ते रेडिओवर ऐकलं आणि पंधरा दिवसांत माझ्या हातात आपलं कातणं आणून ठेवलं. करंजीची कड कापायचं, दातेरी चाकाचं कातणं. मुठीवर पोपट होता, पण चोच झिजून झिजून त्याची चिमणी झाली होती. जुन्या लुगड्याच्या काठात ते गुंडाळलेलं होतं.

"नीट पोचतं कर," ती म्हणाली होती. "आणि नाव विचारलं तर माझ्या सासूबाईंचंही सांग."

मी ते पोचतं करणारच होतो, पण गुरुवार आधी आला. सम्राटांच्या तलवारीशेजारी आपलं कातणं मांडायला निघालेल्या एका म्हातारीवर मी लेख लिहिला. सोरे, पाटे आणि फुटके रांजण घेऊन संग्रहालयाच्या दारात रांग लावणाऱ्या आत्याबायांचं वर्णन त्यात इतकं बहारीचं जमलं, की तिघांनी फोन केले. त्यातला एक फोन संग्रहालयाच्या संचालकांचा होता आणि ते हसत नव्हते. त्यानंतर तेच कातणं घेऊन त्याच दारात कुठल्या तोंडाने जायचं? ते माझ्या कचेरीतल्या टेबलावर राहिलं. पाकिटं फोडायला उत्तम होतं. मग आमची कचेरी तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आली. मी आलो, टेबल आलं, कातणं आलं नाही.

आत्याला मी सांगितलं, "दिलं. काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली तुझं नाव आहे."

मेढा आणि आमचं शहर यांच्यामध्ये पाच तास होते आणि आत्याचे गुडघे सत्तरीचे होते. या दोन गोष्टींवर माझा पूर्ण विश्वास होता. पण संग्रहालयाने दर महिन्याला 'कुटुंब रविवार' सुरू केला, मुलांनी येताना आजी-आजोबांना आणावं असं शाळांना कळवलं, आणि केतकीने मला न विचारता मेढ्याला पोस्टकार्ड टाकलं.

दारापाशी शिक्षण विभागाच्या खांबेटेबाई उभ्या होत्या. सुती साडी, गळ्यात शिट्टी. त्यांनी केतकीच्या हातात एक कागद दिला. सात दालनं, प्रत्येक दालनात एक प्रश्न. सगळी उत्तरं शोधणाऱ्याने शेवटी लोकजीवन दालनात यायचं, तिथं शाडूच्या मातीच्या वस्तू करायच्या होत्या.

"शेवटी कशाला, आधीच तिथं जाऊ," केतकी म्हणाली. "आत्याआजीचं कातणं बघू आधी."

"क्रमाने जायचं असतं," मी म्हणालो. "शास्त्र असतं त्याला."

माझी योजना साधी होती. सहा दालनांत आत्याला इतकं फिरवायचं, इतकं उभं करायचं, की सातव्याच्या आधी तिनेच म्हणावं, बाबा रे, पुरे, घरी चल. रिक्षाही मी मनातल्या मनात ठरवून ठेवली होती.

पहिल्या दालनात मातीची भांडी होती, पाच हजार वर्षांपूर्वीची. एका रांजणाला वरपासून खालपर्यंत तडा होता. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"असाच तडा गेलेला मी उकिरड्यावर टाकला," ती म्हणाली. "चूक झाली म्हणायची." मग बाकावर टेकून तिने माझ्याकडे बघितलं. "सांग की काहीतरी, मुकुंदा."

मी सांगितलं. भट्टी, चाक, काळा रंग, तांबडा रंग. पाटीवर जे लिहिलं होतं ते आणि जे नव्हतं तेही. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाली, "बरं. आणखी?"

"आणखी काही नाही."

"चल तर मग."

दुसऱ्या दालनात शिल्पं होती. हात तुटलेल्या, नाक तुटलेल्या देवता रांगेत उभ्या होत्या. आत्याने प्रत्येकीला नमस्कार केला. त्यात एक यक्षीण होती, तिलाही केला. एका ध्यानस्थ मूर्तीपुढे थांबून म्हणाली, "काय शांत चेहरा. याला घरात कुणी हाका मारत नसतील." तिथंही बाकावर बसली आणि म्हणाली, "सांग काहीतरी." मी गुप्तकाळ सांगितला.

तिसऱ्यात शस्त्रं होती. एक चिलखत बघून तिने विचारलं, "हे धुवायचं कसं?" त्यावर मी पानिपत सांगितलं. चौथ्यात लघुचित्रं, पाचव्यात वाद्यं. केतकी पुढे पळत होती, उत्तरं लिहीत होती, परत येऊन आत्याचा हात ओढत होती. प्रत्येक बाकावर आत्या बसत होती, माझ्या तोंडाकडे बघत होती आणि म्हणत होती, "सांग की काहीतरी." आणि मी असा बोलत होतो, की दोन अनोळखी कुटुंबं मला संग्रहालयाचा माणूस समजून मागे मागे यायला लागली.

सहाव्या दालनात छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला होता. तिथवर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी बाकावर बसलो. आत्या उभी होती. आयुष्यभर डोंगर चढून पाणी आणलेल्या बाईला सपाट फरशीवर दमवायला निघालो होतो मी.

"दमलास होय रे?" ती म्हणाली.

"मी नाही. तू दमली असशील. घरी जायचं का? नाहीतरी ते लोकजीवन दालन रविवारी बंद असतं. मला आत्ताच आठवलं."

तेवढ्यात शिट्टी वाजली. "सहावं दालन झालेल्या मुलांनी इकडे," खांबेटेबाई दारातून म्हणाल्या. "लोकजीवन दालनात माती तयार आहे. आजी-आजोबांना घेऊन या."

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, हे मला तेव्हाही खटकलं.

लोकजीवन दालनात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. आत जाताना मी तीन खोट्या गोष्टी तयार ठेवल्या होत्या. पॉलिशला पाठवलंय. दिल्लीच्या प्रदर्शनाला गेलंय. चोरीला गेलं, पण पोलीस तपास करताहेत. आणि चौथ्या पेटीत मला एक कातणं दिसलं.

पितळेचं, दातेरी चाकाचं, मुठीवर पक्षी. खाली पाटी होती. 'कातणे. करंजी, शंकरपाळी इत्यादींसाठी. दात्याचे नाव उपलब्ध नाही.'

कातणं कुणाच्या घरचं होतं, देव जाणे. पश्चिम महाराष्ट्रात अशी हजार असतील. पण मला त्या क्षणी एखाद्याला मूल झाल्यासारखा आनंद झाला.

"हे बघ, आत्या," मी म्हणालो. "ठेवलंय की नाही? नावाचं मी बोलतो त्यांच्याशी. पाटी बदलताना राहिलं असेल."

आत्याने चष्मा लावला. काचेला नाक लागेपर्यंत वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हं," ती म्हणाली.

"माझ्या आत्याआजीचं आहे हे," केतकी अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिने दिलंय. हे, हे कातणं."

सगळे वळले. वीसेक मुलं, तेवढ्याच आज्या, काही आजोबा. खांबेटेबाई मातीचे हात घेऊन लगबगीने आल्या. "खरंच, आजी? चार वर्षं आम्ही विचारतोय याची देणारी कोण म्हणून. दालन उघडलं तेव्हा पोत्यांनी वस्तू आल्या, त्यात हे चिठ्ठीशिवाय आलं. बसा तुम्ही. मुलांनो, इकडे या. आजी आपल्याला याची गोष्ट सांगणार आहेत."

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग केतकीकडे. केतकीचा चेहरा असा झाला होता, की तिच्याकडे बघून कुणाला नाही म्हणता आलं नसतं. आत्या खुर्चीवर बसली.

"मी डावरी," ती म्हणाली. "सासरी आले तेव्हा चौदा वर्षांची. पहिल्या दिवाळीला सगळ्या बायका फराळाला बसल्या आणि मी डाव्या हाताने लाटणं उचललं. सासऱ्यांची बहीण होती, ती म्हणाली, डाव्या हाताचं देवापुढं चालायचं नाही, हिला उठवा. मी उठले. मोरीपाशी जाऊन उभी राहिले. रडले नाही, पण रडण्याच्या बेतात होते."

"मग?" एका मुलाने विचारलं.

"मग सासूबाई उठल्या. डब्यातनं कातणं काढलं, माझ्या डाव्या हातात दिलं आणि नणंदेला म्हणाल्या, वन्सं, हे चाक आहे, ते दोन्हीकडे फिरतं. बस गं तू. तेव्हापासून आमच्या घरची प्रत्येक करंजी मी कातली. पन्नास वर्षं. गावात कुणाच्याही ताटात आमची करंजी ओळखू यायची. आता सून दुकानातनं आणते. चांगल्या असतात त्याही. पण कातणं नुसतं डब्यात पडून होतं, म्हणून म्हटलं, सासूबाईंचं नाव कुठंतरी लागू दे."

एका आजोबांनी रुमाल काढला. खांबेटेबाई आत जाऊन एक जाडजूड नोंदवही घेऊन आल्या. "आजी, तुमचं नाव आणि सासूबाईंचं. इथं सही करा. उद्याच पाटी बदलते मी."

आत्याने डाव्या हातात पेन घेतलं. माझं चार वर्षांचं खोटं एका सहीने सरकारी खरं होणार होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. सुटका वाटत होती. "कर सही, आत्या," मीच म्हणालो. "तिथं, खालच्या रेघेवर."

आत्याने पेनाचं टोपण लावलं.

"बाई, हे माझं नव्हे," ती म्हणाली.

"नव्हे?"

"चाकाचे दाते बघा. या बाजूने झिजलेत. ही उजव्या हाताची बाई. माझं दुसऱ्या बाजूने झिजलं होतं. मगाशी काचेतनंच दिसलं मला. पण पोरगी एवढ्या लोकांत बोलून गेली, तिला कसं तोंडघशी पाडायचं? गोष्ट माझी खरी आहे. वस्तू दुसरीची आहे. माझं नाव लिहून ठेवलंत आणि उद्या ती आली, तर तिला काय सांगाल?"

खांबेटेबाईंनी नोंदवही मिटली. मग त्यांनी अगदी साधा, रास्त प्रश्न विचारला. "मग तुमचं कुठं आहे, आजी? तुम्ही दिलं होतं ना?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. केतकीही बघत होती. तीन सेकंद गेले असतील. आज मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, आणि त्या तीन सेकंदांत बसतील अशी कितीतरी वाक्यं मी पुढे रचून पाहिली. सगळ्यात लहान दोन शब्दांचं होतं. मी हरवलं.

मी म्हणालो, "मी स्वतः आणून दिलं होतं इथं. तुमच्याच लोकांनी कुठंतरी टाकलं असेल. गोदामात बघा."

खांबेटेबाईंचा चेहरा उतरला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातावरची माती पदराला पुसली आणि आत्यासमोर हात जोडले. "आजी, तेव्हा फार घाईत झालं सगळं. आमच्याकडून गहाळ झालं असेल तर मी संग्रहालयाच्या वतीने तुमची माफी मागते. उद्यापासून मी स्वतः गोदाम बघते. एकेक खोकं उघडून बघते."

"नका हो," आत्या म्हणाली. तिने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "तुम्ही कशाला माफी मागता? ते तुमच्याकडे आलंच नाही. द्यायचं माझ्या मनात होतं, राहून गेलं. वय झालं, दिलं आणि द्यायचं होतं यात गोंधळ होतो. हा आपला मला सांभाळून घ्यायला बोलतोय."

मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "होतं असं या वयात." दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट हसल्या नाहीत, आपण म्हाताऱ्या माणसांना हसतो तशा. मी त्याच प्रकारच्या हसण्यावर दर गुरुवारी पोट भरत होतो, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं.

आत्या उठली. "चला," म्हणाली.

आम्ही बाहेर बागेतल्या बाकावर येऊन बसलो. केतकी बाकाच्या टोकाला बसली, शक्य तितकी टोकाला. हातात शाडूचा गोळा होता, तो ती दाबत होती.

"बाबा, मी वर्गात सांगितलंय," ती म्हणाली. "बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या सगळ्यांना."

मी आत्याकडे वळलो. "आत्या, ते मी दिलंच नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासूनच. म्हणालास, काचेच्या पेटीत ठेवलंय. शेजारी काय ठेवलंय ते बोलला नाहीस." तिने पदराने मान पुसली. "तू लहानपणी बारशाला गेलास तरी घरी येऊन बाळाचं सांगायचा नाहीस, पाळण्याशेजारी कोण बसलं होतं आणि कसं घोरत होतं ते सांगायचास. तुझ्यासारखा माणूस माझं कातणं संग्रहालयात ठेवून येतो आणि शेजारच्या वस्तूची टिंगल करत नाही? तेव्हाच म्हटलं, गेलं."

"मग आज आलीस कशाला? एवढा पाच तासांचा प्रवास करून?"

"म्हटलं, समोर असले म्हणजे सांगशील. पत्रात कुणी सांगत नाही." ती म्हणाली. "प्रत्येक बाकावर तुला म्हटलं, सांग काहीतरी. तू पानिपत सांगितलंस."

मग मी सगळं सांगितलं. टेबल, पाकिटं, मजला बदलला ते. लेखाचंही सांगितलं.

"लेखात मी होते?"

"नाव नव्हतं."

"पोपट होता?"

"होता."

"मग मीच," आत्या म्हणाली. "लोक हसले?"

"हसले."

तिने मान हलवली. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या नाहीत. रडेल असं वाटलं, तेही केलं नाही. केतकीने शाडूचा गोळा बाकावर ठेवला आणि उठून आत्याच्या पलीकडे जाऊन बसली, म्हणजे आत्या मध्ये आली. मी आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता बोलायचं ठरवलं. उभा राहिलो. माझं म्हणणं लांबणार होतं. त्यात सासूबाई येणार होत्या, डावा हात येणार होता, माणसाने माणसाला दिलेला शब्द येणार होता.

"आत्या," मी म्हणालो, "मी आज तुझ्यासमोर, माझ्या मुलीसमोर..."

आत्याने हात वर केला.

"ते नंतर बोल," ती म्हणाली. "मला आधी जाऊन यायचंय. सकाळी एसटीतनं उतरल्यापासून थांबलेय, म्हटलं मी तिकडं जायची आणि नेमकं तेव्हाच तुझ्या तोंडून निघायचं. बायकांचं कुठं आहे ते विचारून ये. त्या खांबेटेबाईंनाच विचार, त्यांना ठाऊक असेल."